नदीतल्या व्हाइटफिशसाठी आमिष कसं निवडावं

व्हाइटफिशसाठी आमिष निवडायचं तर आधी त्याचं तोंड बघावं. 40 सेंटिमीटर लांबीच्या माशाचंही तोंड एवढुसं, खालच्या बाजूला झुकलेलं आणि बिनदाताचं असतं. तळाच्या गोट्यांमधून किड्यांच्या अळ्या टिपून खायच्या, हा त्याचा वर्षभराचा उद्योग. अमेरिकेतल्या मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन आणि कॅनडातल्या अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया या भागांतल्या थंड नद्यांमध्ये जो व्हाइटफिश गळाला लागतो तो बहुतेक वेळा माउंटन व्हाइटफिश असतो, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे. बाजारात कॉड, हॅडॉक वगैरे समुद्री मासेही याच नावाने विकले जातात. त्यांचा इथे संबंध नाही.

तोंड लहान आणि खाणं तळाशी, या दोन गोष्टींवरून क्रम ठरतो. आधी आमिषाचा आकार, मग ते तळापर्यंत पोहोचतंय का, आणि त्यानंतर आमिष कोणतं. नवखे लोक नेमकं उलट करतात. मासा लागत नाही म्हणून डबीतलं आमिष दहा वेळा बदलतात, आणि ते प्रत्येक वेळी तळापासून हातभर वरून वाहून जातं.

गळ आधी, आमिष मग

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. व्हाइटफिशसाठी 12 आणि 14 नंबर हे रोजचे. 10 नंबर फक्त मोठ्या स्टोनफ्लाय या पाणकिड्याच्या अळीसाठी, आणि पाणी अगदी नितळ व मासे बुजरे असतील तर 16. तार बारीक हवी, कारण जाड तारेवर मॅगट, म्हणजे माशीच्या अळ्या, फुटतात. दांडी आखूड असली की छोटं आमिष गळ झाकून टाकतं आणि मासा ते एका चोखणीत आत घेतो. उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाकावा. काही ठिकाणी तो नियमच आहे. नसला तरी व्हाइटफिशच्या लहान तोंडातून गळ काढताना वेळ वाचतो, आणि चुकून लागलेला ट्राउट (याच नद्यांतला दुसरा मासा) कमी इजेने सुटतो.

गळाची धार नखावर बघावी. टोक नखावरून घसरलं तर गळ बोथट झाला आहे. तळाशी मासेमारी करताना टोक सतत दगडांना घासतं, म्हणून ही तपासणी दिवसातून अनेकदा करावी लागते.

मॅगट: थंडीतलं पहिलं आमिष

डिसेंबर ते मार्च एकच आमिष न्यायचं असेल तर मॅगट न्यावेत. माशीची ही पांढरी अळी 1 ते दीड सेंटिमीटरची असते, म्हणजे व्हाइटफिशच्या तोंडाला बेताची. ती गळावरही वळवळत राहते आणि थंड पाण्यात लगेच मरत नाही. पाणी 1 ते 4 अंश सेल्सियस असताना मासा फार हालचाल करत नाही, मोठा घास टाळतो. मॅगट तेव्हाही घेतो.

अळीचं एक टोक निमुळतं, दुसरं बोथट. बोथट टोकाला दोन काळपट ठिपके दिसतात. पुष्कळांना ते डोळे वाटतात, पण ती श्वासाची छिद्रं आहेत आणि ती मागची बाजू आहे. गळ त्याच बाजूला लावायचा. अळी बोटांच्या चिमटीत हलकेच दाबली की बोथट टोकाची कातडी थोडी पुढे येते. तेवढ्याच कातडीतून गळाचं टोक आरपार काढावं. आतला पातळ द्रव बाहेर आला तर गळ खोल गेला आहे किंवा बोथट आहे. अशी अळी दोन-तीन वेळा पाण्यातून वाहिली की नुसती रिकामी साल उरते. मासा ती तोंडात घेऊन लगेच थुंकतो.

14 नंबरवर 1 किंवा 2, 12 नंबरवर 2 किंवा 3 मॅगट पुरे. चार-पाच लावून गुच्छ केला की तो प्रवाहात गरगर फिरतो, लीडरला (गळाजवळच्या बारीक तंगुसाला) पीळ पडतो, आणि तोंडात मावत नाही म्हणून मासा टोक धरून ओढतो. तीन लावताना दोन एका बाजूने आणि तिसरी उलट्या बाजूने लावली तर गरगरणं बरंच कमी होतं. प्रत्येक मासा निघाल्यावर आमिष बदलावं. मासा लागला नाही तरी अळी चपटी किंवा पारदर्शक दिसू लागली की बदलावंच.

मॅगट फ्रिजमध्ये 2 ते 4 अंशांवर, झाकणाला बारीक भोकं असलेल्या डबीत, कोरड्या लाकडी भुशात किंवा कोंड्यात ठेवले तर दोन आठवडे सहज टिकतात. ऊब मिळाली की काही दिवसांतच तपकिरी कोष होतात. ओलाव्यापासून जपावं. ओली अळी डबीच्या गुळगुळीत भिंतीवरही चढते आणि सापडेल त्या फटीतून बाहेर पडते. नदीवर हवा शून्याखाली असेल तर सगळी डबी बाहेर ठेवू नये. वीस-तीस अळ्या छोट्या डबीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवाव्यात आणि संपल्या की पुन्हा भराव्यात. गोठून कडक झालेली अळी गळावर धड लागत नाही. दिवसभरासाठी दीडशे-दोनशे अळ्या भरपूर होतात. बोटं उबदार राहावीत म्हणून अळ्या ओठात धरायची जुनी सवय काही जणांना असते. ती सोडावी, या अळ्या सडक्या मांसावर वाढतात.

मॅगट मिळाले नाहीत तर मेणकिड्याच्या अळ्या, म्हणजे वॅक्सवर्म, चालतात. त्या जाड आणि मऊ असतात, त्यामुळे 12 नंबरवर एकच लावावी. त्या लवकर फुटतात, म्हणून प्रवाह जोराचा असेल तिथे मॅगटच बरे.

नदीतलंच आमिष

मासा रोज जे खातो तेच त्याच्यापुढे वाहत आलं तर तो फार विचार करत नाही. स्टोनफ्लाय, कॅडिस आणि मेफ्लाय या पाणकिड्यांच्या अळ्या त्या त्या नदीतच मिळतात. यातली सॅमनफ्लाय ही मोठी स्टोनफ्लाय तीन ते चार वर्षं अळी म्हणूनच तळाशी काढते. त्यामुळे कोणत्याही महिन्यात दगडाखाली लहान, मध्यम आणि मोठ्या अशा सगळ्या मापाच्या अळ्या असतात. व्हाइटफिशसाठी त्यातल्या दीड ते अडीच सेंटिमीटरच्या निवडाव्यात. बोटभर लांबीची काळी अळी हाताला भरघोस लागते, पण ती मोठ्या ट्राउटचा घास आहे.

अळ्या गोळा करायला गुडघ्याखालचं, खळाळतं, गोट्यांचं पाणी शोधावं. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरावी आणि तिच्या वरच्या अंगाला हातभर अंतरावर पायाने गोटे अर्धा मिनिट हलवावेत. सुटलेल्या अळ्या जाळीत येतात. उचललेले मोठे दगड होते तसेच परत ठेवावेत, नाहीतर त्यांच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उघडे पडून मरतात.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. शरद ऋतूत काही ठिकाणी गोट्यांचा एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा स्वच्छ, उजळ दिसतो. ते ट्राउट किंवा सॅमनने अंडी घालण्यासाठी उकरलेलं घर असतं. तिथे पाऊल ठेवू नये. व्हाइटफिश स्वतः असं घर करत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान तो अंडी गोट्यांवर नुसती विखरून टाकतो, ती फटींत जाऊन बसतात आणि हिवाळाभर तिथेच राहतात. म्हणजे त्या काळात जिथे हे मासे थव्याने जमलेले दिसले, त्या उथळ पाण्यात तळ उकरणं म्हणजे पुढच्या पिढीवर पाय देणं. आमिष दुसऱ्या जागी शोधावं किंवा सरळ मॅगट वापरावेत.

स्टोनफ्लायची अळी डोक्याच्या मागच्या कडक पट्टीतून, वरच्या बाजूने, 10 किंवा 12 नंबरच्या गळाला लावावी. पोटातून गळ घातला की ती दोन फेऱ्यांत गळून पडते. डबीत साचलेलं पाणी घालू नये. वाहत्या पाण्याची सवय असलेले हे जीव स्थिर पाण्यात गुदमरतात. ओलं शेवाळ किंवा ओल्या गोणपाटाचा तुकडा घातलेल्या थंड डबीत त्या दिवसभर चांगल्या राहतात.

कॅडिसच्या काही जाती वाळूच्या किंवा काटक्यांच्या नळीत राहतात. नळीचं मागचं टोक हलकेच दाबलं की अळी पुढून डोकं बाहेर काढते, तेव्हा डोक्याशी धरून हळू ओढावी. घाईने ओढली तर तुटते. 14 नंबरवर एक पुरते. बिननळीची हिरवी कॅडिस अळी त्याहून सोपी, आणि वसंतात पाणी तापू लागलं की मॅगटला मागे टाकते.

अंडी आणि गांडूळ

सॅमन ज्या नद्यांत चढतात तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये व्हाइटफिश त्यांच्या मागे, थोड्या खालच्या अंगाला येऊन थांबतात. घरात न बसलेली, वाहून येणारी अंडी ते टिपतात. या दिवसांत बरणीतलं एकच सॅमनचं अंडं, आखूड दांडीच्या 14 नंबरवर, इतर सगळ्या आमिषांपेक्षा सरस ठरतं. गळाचं टोक सालीतून घालून अंडं अर्धं फिरवावं आणि टोक पुन्हा आत दडवावं, म्हणजे रस कमी गळतो. पाण्यात काही वेळ राहिलेलं अंडं दुधाळ पांढरं पडतं, ते बदलावं. फिकट नारिंगी रंग स्वच्छ पाण्यात बरा, गडद लालसर गढूळ पाण्यात. सॅमन येतच नाहीत अशा नदीत अंडं फारसं चालत नाही. अपवाद फक्त व्हाइटफिशच्या स्वतःच्या विणीचा, कारण हे मासे आपल्याच जातीची अंडीही खातात.

गांडूळ हे गढूळ पाण्याचं आमिष. पाऊस पडून किंवा बर्फ वितळून पाणी चढलं, चहासारखं झालं की बारीक अळी माशाला दिसत नाही आणि काठाची माती धुऊन आलेली गांडुळं तो खरोखर खात असतो. लहान लाल गांडुळाचा 2 सेंटिमीटरचा तुकडा, किंवा मोठ्या नाइटक्रॉलरचा सव्वा सेंटिमीटरचा, 12 नंबरवर लावावा. शेपूट गळापलीकडे अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त लोंबू देऊ नये, नाहीतर फक्त शेपूट तुटून येतं. नितळ पाण्यात गांडुळाचा तोटा मोठा आहे. ट्राउट ते खोल गिळतो, आणि तळाचा स्कल्पिन नावाचा छोटा मासा ते सोडतच नाही. खोल गिळलेला गळ ओढून काढू नये. लीडर तोंडाजवळ कापून मासा सोडावा.

मका, कणकेचे गोळे, चीज यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. एखादा मासा लागतो, पण वरच्या कोणत्याही आमिषाशी त्यांची बरोबरी होत नाही.

जिथे खऱ्या आमिषाला बंदी आहे तिथे धातूचा मणी असलेल्या कृत्रिम अळ्या वापरतात. फेझंट टेल, हेअर्स इअर, प्रिन्स या नावांच्या, 14 ते 18 नंबरच्या. मणी जड हवा, रंग दुय्यम. जिथे परवानगी आहे तिथे अशा कृत्रिम अळीच्या टोकाला एक मॅगट लावणं ही फार चांगली जोडणी आहे: मण्याचं वजन तळाशी नेतं, मॅगट माशाला धरून ठेवतो. पण कृत्रिम आमिषाचाच नियम असलेल्या पाण्यात तो एक मॅगटही नियमभंग ठरतो.

आमिष तळाशी नेणं

मुख्य तंगूस 4 ते 6 पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा), लीडर 2 ते 4 पौंडी आणि 30 ते 45 सेंटिमीटरचा. गळापासून 25 ते 30 सेंटिमीटरवर मधे चीर असलेलं लहान वजन तंगुसावर दाबून बसवावं. एकाच मोठ्या वजनाऐवजी दोन-तीन छोटी वजनं घ्यावीत, म्हणजे पाण्याप्रमाणे एकेक वाढवता-काढता येतं. वजन गळाच्या फार जवळ आलं तर छोटं आमिष दगडासारखं पडून राहतं, फार दूर गेलं तर ते वर उचललं जातं.

प्रवाहाच्या वरच्या अंगाला, थोडं तिरपं टाकावं आणि वाहू द्यावं. वजन दर दोन-तीन सेकंदांनी तळाला टकटक लागलं पाहिजे. आठ-दहा फेऱ्यांत एकदाही काही अडकलं नाही तर आमिष तळाच्या वरून चाललं आहे, एक वजन वाढवावं. प्रत्येक फेरीत अडकत असेल तर एक काढावं. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, वापरत असाल तर लक्षात ठेवा की तळाचं पाणी पृष्ठभागापेक्षा सावकाश वाहतं. बरोबर लावलेला फ्लोट शेजारच्या फेसापेक्षा हळू जातो. फेसाच्या बरोबरीने धावणारा फ्लोट म्हणजे अधांतरी आमिष.

हिवाळ्यात मासे खोल, संथ डोहात आणि डोहाच्या उताराला, जिथे तळ पुन्हा वर चढू लागतो तिथे, थव्याने असतात. सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळात पाणी एखाद्या अंशाने तापलं तरी फरक पडतो. एक मासा लागला की जागा सोडू नये, त्याच रेषेत पुन्हा टाकावं. वसंतात आणि शरदात ते डोहाच्या तोंडाशी, वेगवान आणि संथ पाण्याच्या सांध्यावर येतात, तिथे थोडं मोठं आमिष चालतं. उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ धरावी आणि पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं की मासेमारी थांबवावी. या माशाला गरम पाणी सोसत नाही.

काय बिघडतं आणि का

अळीची रिकामी साल परत येते पण झटका जाणवत नाही: मासा खातोय, तुम्हाला कळत नाही. तंगुसाला फार ढील आहे किंवा फ्लोट जड आहे. वाहताना तंगूस जेमतेम ताठ ठेवा आणि जरा थबकल्यासारखं वाटलं तरी टोक हलकेच उचला.

मासा लागतो आणि दोन सेकंदांत सुटतो: गळ मोठा आहे, किंवा झटका जोराचा आहे. मनगटाने उचलणं पुरतं.

फक्त छोटे ट्राउट लागतात: आमिष मधल्या पाण्यात आहे, किंवा घास मोठा आहे. वजन वाढवा, आमिष अर्धं करा. तरीही तेच होत असेल तर जागा सोडा, ट्राउटना पुन्हा पुन्हा गळ लावणं बरोबर नाही.

आमिषावर हिरवी शेवाळी लोंबते: वजन जास्त आहे, किंवा तुम्ही तळ खरवडताय.

थवा दिसतोय, आमिष तळाशी आहे, तरी कोणी घेत नाही: आता आमिष बदलण्याची वेळ. तीन मॅगटऐवजी एक, मग लीडर बारीक, मग कॅडिस. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने जमलं ते कळत नाही.

नियम आधी वाचा

आमिषाचे नियम राज्याराज्यांत, आणि एकाच नदीच्या दोन पट्ट्यांतही वेगळे असतात. मोंटानाच्या पश्चिम भागातल्या कित्येक नद्यांवर हिवाळ्यातल्या व्हाइटफिशच्या वाढीव हंगामात कृत्रिम आमिष किंवा मॅगट एवढ्याचीच मुभा असते, गांडूळ चालत नाही. अल्बर्टातही काही नद्यांवर ठरावीक काळात मॅगट हेच एकमेव मान्य आमिष असतं. वॉशिंग्टनमध्ये मेथो आणि सिमिल्कमीनसारख्या नद्यांवर फक्त व्हाइटफिशसाठीचा हिवाळी हंगाम उघडतो तेव्हा एकच टोक असलेला, टोकापासून दांडीपर्यंत 3/16 इंचांहून मोठा नसलेला, म्हणजे जास्तीत जास्त 14 नंबरचा गळ चालतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात खऱ्या आमिषाला बंदीच आहे आणि शिशाची वजनंही चालत नाहीत. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतही 50 ग्रॅमच्या खालची शिशाची वजनं निषिद्ध आहेत. टिनची किंवा टंगस्टनची वजनं घेतली की हा प्रश्न सगळीकडे मिटतो. पाण्यात सुटे मॅगट फेकून मासे जमवणं, नदीतल्या अळ्या गोळा करणं, माशांची अंडी वापरणं, या तिन्हींबद्दल त्या वर्षाची नियमपुस्तिका बघावी.

मासा ठेवण्याआधी तो व्हाइटफिशच आहे ना, हेही पडताळावं. मोठे खवले, अंगावर ठिपके नाहीत, शेपूट खोल दुभंगलेलं, पाठीवर मागे छोटा मांसल पर. ग्रेलिंगही चंदेरी असतो, पण त्याचा पाठीवरचा पर उंच शिडासारखा असतो. व्हाइटफिशला कमी दर्जाचा मानून काठावर फेकून देणारे लोक भेटतात. या नद्यांचा तो मूळचा मासा आहे, आणि धुरी देऊन केला तर खायला उत्तम. ठेवायचा नसेल तर ट्राउटइतक्याच हळुवारपणे सोडावा.

ग्रेट लेक्सकडे

मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या सीमेवरच्या मेनोमिनी नदीत, तसंच ग्रीन बे या मिशिगन सरोवराच्या उपसागराला मिळणाऱ्या फॉक्स नदीत नोव्हेंबरच्या सुमाराला लेक व्हाइटफिश ही दुसरी जात विणीसाठी चढते. हा मासा बराच मोठा, पण तोंडाचा हिशेब तोच. एक अंडं किंवा छोट्या जिगवर (वजन जोडलेल्या गळावर) एक वॅक्सवर्म, तळाशी. गळ 8 ते 10 नंबरपर्यंत वाढवता येतो आणि लीडर 6 पौंडी घ्यावा.

उरलेलं आमिष

ऑगस्ट 2016 मध्ये मोंटानातल्या यलोस्टोन नदीत एका परजीवीमुळे हजारो माउंटन व्हाइटफिश मेले आणि नदीचा सुमारे 295 किलोमीटरचा पट्टा लोकांसाठी बंद करावा लागला. त्याच महिन्यात अल्बर्टातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाच्या जॉन्सन तलावात व्हर्लिंग रोग, हाही परजीवीमुळे माशांना होणारा, सापडला, कॅनडातला पहिलाच. असे परजीवी ओल्या चिखलातून, बुटांतून, जाळीतून आणि आमिषाच्या डबीतल्या पाण्यातून एका नदीतून दुसरीत जाऊ शकतात. म्हणून नदीतून काढलेलं आमिष त्याच नदीत, त्याच जागी परत सोडावं. दुसऱ्या नदीवर नेऊ नये. विकत आणलेले मॅगट, गांडुळं आणि त्यांचा भुसा पाण्यात किंवा काठावर न टाकता घरी आणून कचऱ्यात टाकावा. बूट आणि जाळी घासून चिखल काढावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुढच्या नदीत उतरू नये. उरलेल्या मॅगटमधले तपकिरी कोष वेगळे काढावेत, पांढऱ्या अळ्या कोरड्या भुशात घालून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवाव्यात.